काळवत्री, जांभा आणि मॉरिशस: कोकणचा कातळ वाचायचा कसा

हेदवीच्या बामणघळीत ज्या काळ्या दगडाच्या फटीतून पाणी उसळते तो दगड, आणि मॉरिशसमध्ये उसाच्या शेतातून वेचून ढिगाने रचून ठेवलेला दगड, हे दोन्ही एकाच चुलीतले. ती चूल, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून तप्त खडक वर येण्याची जागा, आजही पेटती आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारताचा पश्चिम भाग तिच्यावरून सरकत होता, तेव्हा दख्खनचे लाव्हाचे थर पसरले. भारत उत्तरेकडे निघून गेला, चूल मागेच राहिली. तिच्या वाटेवर आधी लक्षद्वीप-मालदीव-चागोसखालचा बुडालेला डोंगर तयार झाला, मग मॉरिशस (तिथले सर्वांत जुने खडक ८०–९० लाख वर्षांचे) आणि शेवटी त्याच्या शेजारचे रियुनियन बेट. रियुनियनवरचा २,६३२ मीटर उंचीचा पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी वारंवार उसळतो.

म्हणून उष्ण कटिबंधातले ज्वालामुखी बेट म्हणजे काय, हे समजून घ्यायला विमानाचे तिकीट काढायची गरज नाही. कोकणच्या किनाऱ्यावर एक ओहोटी, एक लोहचुंबक आणि हुकाचा वजनकाटा एवढे पुरते. मात्र ओहोटी नीट निवडावी लागते. बहुतेकांचे पहिले चुकते ते तिथेच.

वेळ: तिथीची पाऊणपट

खडपे (किनाऱ्यावरचे कातळ) उघडी पडतात ती उधाणाच्या ओहोटीला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास. त्या दिवशी भरती जितकी वर चढते तितकीच ओहोटी खाली जाते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, आणि बघण्यासारखा खालचा कातळ पाण्यातच राहतो.

भरतीची वेळ काढायची जुनी रीत अशी: तिथीला पाऊणने गुणायचे. चतुर्थीला ४ × ¾ = ३, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. पूर्ण ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी, सव्वानऊच्या सुमारास. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. आता हेच अमावस्येला लावून पाहा: १५ × ¾ = सव्वाअकरा, आणि ओहोटी साडेपाचला, पहाटे आणि संध्याकाळी. पहाटे उजेड नसतो, संध्याकाळी परतताना तो मावळत आलेला असतो. त्यामुळे ऐन अमावस्या-पौर्णिमा टाळा आणि द्वितीया, तृतीया किंवा चतुर्थी धरा. सकाळी पावणेआठ, साडेआठ, सव्वानऊ अशा वेळा मिळतात, कोवळे ऊन असते आणि उधाणाचा जोरही अजून उतरलेला नसतो. हा हिशोब अर्ध्या तासाने इकडेतिकडे होतो, खाडीच्या आत तर जास्तच मागे पडतो, म्हणून छापील भरती-ओहोटीचे कोष्टक ताडून घ्याच.

पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी उतरा, आणि ओहोटीची वेळ टळल्यावर अर्ध्या तासात परत फिरा. पाणी वळले की पहिल्या तासात संथ वाढते. तिसऱ्या-चौथ्या तासात सर्वांत वेगाने चढते, आणि तोवर मागची घळ भरून परतीची वाट तुटलेली असते. हरिहरेश्वराची प्रदक्षिणेची वाट अशीच आहे: कडा एका बाजूला, समुद्र दुसऱ्या बाजूला. तिथे स्थानिक माणसाने 'आता नको' म्हटले की वाद घालायचा नाही. जून ते सप्टेंबर खडपांवर उतरूच नये, ओहोटी कितीही चांगली असली तरी.

हे सगळे कोकणाला लागू. मॉरिशसला भरती-ओहोटीतला फरक मीटरभरही नसतो, मुंबईकडे तो उधाणाला चार मीटरच्या वर जातो. ज्वालामुखी खडकाचा पायथा कोरडा करून दाखवण्यात कोकण उजवे आहे.

पायात स्लिपर नको, रबरी तळाचे कॅनव्हासचे बूट घाला. हिरवे शेवाळ घसरवते, कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. काळ्या ओल्या दगडापेक्षा खरखरीत पांढरट दगडावर पाय द्या.

सोबत काय घ्यायचे

जुन्या स्पीकरमधले लोहचुंबक, चार इंची खिळा, छोट्या बाटलीत व्हिनेगर, हुकाचा डिजिटल वजनकाटा, सुतळी, बादली, मापाची पट्टी आणि जमल्यास दहापट दाखवणारे भिंग. हातोडी नको. पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) आणि पऱ्याच्या (ओढ्याच्या) पात्रात सुटे दगड हवे तेवढे पडलेले असतात, जिवंत कातळ फोडायचे कारण नाही. किल्ल्याच्या आवारात तर एक चीपही काढू नये.

काळवत्री ओळखणे

बेसॉल्टला कोकणात काळवत्री म्हणतात. ताजा फुटलेला भाग राखी-काळा, बारीक कणांचा, हाताला जड. बाहेरून तो तपकिरी झालेला असतो, म्हणून रंगावर जाऊ नका. वजन जास्त खरे बोलते.

दीड किलोच्या आसपासचा सुटा दगड घ्या. सुतळीने बांधून काट्याला टांगा, समजा १,४५० ग्रॅम भरला. आता तसाच टांगलेला बादलीतल्या पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला-कडेला लागू देऊ नका. काटा ९५० दाखवतो. घट ५०० ग्रॅम. १,४५० ला ५०० ने भागले की २.९, म्हणजे पाण्याच्या २.९ पट जड. भरीव काळवत्री २.८ ते ३ यांच्या मध्ये येते. २.५ च्या खाली आला तर दगड कुजलेला किंवा पोकळ भोकांचा आहे.

यात दोन गोष्टी बिघडतात. दगड लहान घेतला तर काट्याची पाच-दहा ग्रॅमची चूकच उत्तर फिरवते. आणि जांभा (कोकणातला तांबडा, बिळाबिळांचा दगड) मोजायला घेतला तर तो पाणी पितो, बुडबुडे येत राहतात, काटा थांबतच नाही. जांभ्यासाठी तीन वजने घ्यावी लागतात: कोरडे, रात्रभर भिजवून पुसलेले, आणि भिजलेल्याचे पाण्यातले. कोरड्या वजनाला, भिजलेले वजा पाण्यातले, याने भागायचे. ८०० कोरडा, ८८० भिजलेला, ४८० पाण्यात असेल तर ८०० ÷ ४०० = २. त्याच काळवत्रीचे रूपांतर होऊन हा दगड झाला आहे, तर मधले वजन गेले कुठे? त्याचे उत्तर पुढे सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या सपाट पठारावर, आहे.

चुंबक सुतळीला बांधून दगडाजवळ न्या. काळवत्रीत मॅग्नेटाइट हे लोहखनिज असते, त्यामुळे चुंबक किंचित ओढले जाते. चिकटेल अशी अपेक्षा ठेवू नका. हेच चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून काळ्या वाळूतून फिरवा. मालगुंड, काळबादेवी, नेवरे इथल्या पुळणींवर काळे पट्टे दिसतात. पिशवीला चिकटतात ते मॅग्नेटाइटचे कण; जे काळे असून खाली राहतात त्यांत इल्मेनाइट बरेच असते, त्याला साधे चुंबक पुरत नाही. पिशवी न गुंडाळता चुंबक वाळूत घातले तर त्यावरची काळी लव निघता निघत नाही. आणि अशा कातळावर फोनमधल्या होकायंत्रावर विसंबू नका. राजापूर तालुक्यात देवाचे गोठणे येथील कातळशिल्पाजवळ तर होकायंत्राची सुई भरकटते म्हणूनच ती जागा प्रसिद्ध आहे.

लाव्हा कुठून कुठे गेला

रियुनियनचा ताजा लाव्हा थंड होताना दोन रूपे घेतो. पातळ, वाहता असेल तर वर साय धरते आणि तिला दोरखंडासारख्या वळ्या पडतात. दाट असेल तर खडबडीत, धारदार ढेकळे होतात. हवाई बेटांवरच्या भाषेतून आलेली पाहोएहोए आणि आ-आ ही या दोहोंची नावे जगभर चालतात. कोकणातल्या वळ्या कोट्यवधी पावसाळ्यांनी पुसल्या, पण आतली रचना शाबूत आहे.

एखाद्या थराचा उभा छेद शोधा. वरच्या भागात बुडबुड्यांची गोल भोके दाटीने असतात, कारण वायू वर चढून सायीखाली अडकला. मधला भाग भरीव असतो. अगदी तळाशी काही ठिकाणी पेन्सिलीएवढ्या उभ्या नळ्या दिसतात. वायू त्या वाटेने वर निघाला. नळी वर वाकलेली असेल तर ती ज्या बाजूला कलली, त्या बाजूला लाव्हा वाहत होता.

भोके पांढऱ्याने भरलेली असतील तर आत काय आहे ते पाहा. खिळ्याने ओरखडा उठला नाही आणि काचेवर उलट त्यानेच चरा पाडला, तर ती गारगोटी. ओरखडा उठला तर थोडी भुकटी खरवडून तिच्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. फसफसले तर कॅल्साइट (चुन्याचे खनिज), गप्प राहिले आणि शिंपल्यासारखी चमक असली तर बहुधा झिओलाइट. इथे फसवतात ती शिंपले आणि जुनी कालवे. दगडाला चिकटलेला चुन्याचा पापुद्राही फसफसतो, म्हणून परीक्षा भोकाच्या आतल्या भागावर करा.

थरांना उभे कापत जाणारी, भिंतीसारखी दगडाची पट्टी दिसली तर थांबा. ही डाइक: लाव्हा ज्या फटीतून वर आला ती फट भरून गोठलेली. मुरूड-जंजिऱ्याच्या बाजूला, रायगडच्या किनाऱ्यावर अशा अनेक आहेत आणि बऱ्याचशा साधारण उत्तर-दक्षिण धावतात. कडेचा दगड मधल्यापेक्षा बारीक कणांचा असतो, कारण थंड भिंतीला लागून तो लगेच गोठला. गोठताना दगड आकसून तडकतो आणि त्याचे खांब होतात. डाइकमधले खांब आडवे पडतात, चुलीशेजारी रचलेल्या लाकडांसारखे. लाव्हाच्या सपाट थरात ते उभे असतात. अंधेरीची गिल्बर्ट हिल हे उभ्या खांबांचे जवळचे उदाहरण. खांब नेहमी थंड होणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात वाढतात, एवढे लक्षात ठेवले की कोडे सुटते.

याच रायगडच्या किनाऱ्यावर कोर्लईला थांबलात तर कान उघडे ठेवा. तिथे काही घरांत पोर्तुगीजवर बेतलेली क्रिओल बोली अजून बोलतात. मॉरिशसची बाजारातली भाषाही क्रिओलच, फक्त तिचा पाया फ्रेंच.

हरिहरेश्वरच्या कड्याला मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडली आहे. ती लाव्हाच्या बुडबुड्यांची नव्हे. खारे तुषार दगडात मुरतात, पाणी वाळते, मिठाचे स्फटिक वाढतात आणि कण उचकटून काढतात. ओळखायची खूण: बुडबुड्याचे भोक दगड फोडला तरी आत सापडते, मिठाची जाळी फक्त उघड्या अंगावर असते. बामणघळीचे काम वेगळे. कातळातल्या कमकुवत फटीत लाटा शिरत राहिल्या, फट घळ झाली, आणि निमुळत्या टोकाला कोंडलेले पाणी हवेसकट वर फेकले जाते. ते पाहायला मात्र भरतीच हवी, आणि काठापासून चांगले लांब उभे राहायला हवे. चार लाटा साध्या येतात आणि पाचवी काठ ओलांडते. रियुनियनला सें-ल्यूजवळ असाच लाव्हाच्या काठातून उसळणारा फवारा आहे.

मालवण-वेंगुर्ल्याकडे उतरलात की ही ओळख उपयोगी पडत नाही. किनाऱ्याशी दख्खनचा लाव्हा संपतो आणि त्याच्याहून कितीतरी जुने खडक वर येतात. भुसभुशीत वाळूचा दगड, चमकदार क्वार्ट्झाइट सापडले तर आपली परीक्षा चुकली असे समजू नका.

सड्यावर: काळवत्रीचा जांभा

आता मघाच्या प्रश्नाकडे. मुंबई-गोवा महामार्गाच्या कापणीत किंवा नवी विहीर खणताना जांभ्याचा पूर्ण छेद मिळतो. वरून खाली पाहा: आधी काळपट-तांबडे कडक कवच, मग मऊ, बिळाबिळांचा जांभा, त्याखाली पिवळ्या-पांढऱ्या-गुलाबी छटांची चिकणमाती, मग कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोल धोंडे, आणि त्या धोंड्यांच्या पोटात ताजी काळवत्री. धोंड्याचा पापुद्रा हाताने सोलून पाहा. दोन-तीन पापुद्र्यांत तपकिरीचा राखी रंग होतो. काळवत्रीतले सिलिका, चुना, सोडा लाखो पावसाळ्यांत विरघळून गेले, मागे लोह आणि अॅल्युमिनियम उरले. गेलेले वजन म्हणजे हेच.

मॉरिशसच्या शामारेल गावातली सात रंगांची माती पाहायला पर्यटक रांगा लावतात. ती हीच प्रक्रिया. बेसॉल्टची माती झाली. लोहाने तांबडा-तपकिरी, अॅल्युमिनियमने निळा-जांभळा रंग दिला. कोकणात तो छेद फुकट दिसतो, फक्त गाडी सुरक्षित जागी थांबवावी लागते.

घरासाठी चिरा (जांभ्याचा कापलेला ठोकळा) घेताना हाच छेद डोळ्यांसमोर ठेवा. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, उघड्यावर वाळला की कडक होतो. म्हणून ताजा ओला चिरा लगेच भिंतीत घालण्याची घाई नको. फोडून पाहा: पांढऱ्या-पिवळ्या मातीचे मोठे डाग असतील तर तो चिकणमातीच्या थराजवळचा आहे, पावसात माती धुपून भोके पडतील. हातोडीने वाजवला की कडक चिरा खणखणतो, मऊ 'भद्द' करतो.

पाण्याचे कोडेही इथलेच. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि सडा फेब्रुवारी-मार्चलाच कोरडा. पाणी जांभ्याच्या बिळांतून सरळ खाली जाते, चिकणमातीवर थांबते आणि उताराच्या कडेने झऱ्याने बाहेर पडते. म्हणून बाव सड्याच्या माथ्यावर न खणता, झरे फुटतात त्या पायथ्याला खणतात. घाटात याच्या उलट त्रास होतो. दोन लाव्हाथरांच्या मध्ये विटेसारखा लाल पट्टा असतो. खालच्या थराची माती झाली आणि वरच्या लाव्हाने ती भाजली. पाणी त्यावर साठते आणि वरचा दगड सुटतो. पावसात लाल पट्ट्यातून पाणी पाझरत असेल तिथे गाडी उभी करू नका.

सड्यावरची कातळशिल्पे पाहायची असतील (उक्षी, कशेळी, बारसू, देवीहसोळ, कुडोपी) तर सूर्योदयानंतरचा किंवा सूर्यास्तापूर्वीचा तास धरा. तिरप्या उन्हात रेषेच्या एका काठाची सावली पडते आणि शिल्प उठून दिसते. भर दुपारी समोर उभे राहूनही दिसत नाही, मग कोणीतरी खडूने रेषा भरतो. ते करू नका, चुना-रंग तर नाहीच. रेषेवर पाय देऊ नका. ही शिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत.

एक गैरसमज मात्र इथेच मोडून टाकलेला बरा. तुरळ, राजवाडी, उन्हवरे, राजापूरचे उन्हाळे इथे गरम पाणी येते म्हणून खाली ज्वालामुखी आहे, असे सर्रास सांगतात. तसे नाही. पावसाचे पाणी फटींतून खूप खोल जाते, तिथल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या फटीने वर येते. रियुनियनच्या सिलाओसचे गरम झरे खरोखर ज्वालामुखीच्या अंगावरचे. भारतात जागृत ज्वालामुखी एकच, अंदमानातल्या बॅरन बेटावर.

पाटा निवडताना

या दगडाच्या दोन्ही टोकांना मराठी माणूस आहे. १८३४ पासून मॉरिशसच्या मळ्यांवर गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, गेले, त्यांत कोकणातलेही होते. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट ही त्यांच्या उतरण्याची जागा. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुटी असते, आणि आपल्या जाखडीला तिथे झाकरी म्हणतात. स्वयंपाकघरातही ओळखीची वस्तू आहे: बेसॉल्टचा पाटा. क्रिओलमध्ये तो 'रॉस कारी', म्हणजे कालवणाचा दगड, आणि त्यावरचा वरवंटा 'बाबा'.

पाटा घेताना वर शिकलेले सगळे वापरा. बारीक कणांचा, भरीव, खणखणीत वाजणारा दगड हवा. बुडबुड्यांची भोके असतील तर मिरची-लसूण अडकून आंबेल. भोके पांढऱ्याने भरलेली असतील तर टाकी लावताना ती सुटतील आणि दाताखाली कचकच येईल. पाट्यावर पाणी ओता आणि पाहा: एखादी रेष बाकीच्यापेक्षा उशिरा वाळली तर तिथे चीर आहे, तो दगड नको. तपकिरी कुजलेली कड असलेलाही नको.

नवा पाटा, किंवा टाकी लावून घेतलेला जुना, लगेच वाटणाला घेऊ नये. नारळाच्या सोडणाने खसखसून धुवा, मग मूठभर भिजवलेले तांदूळ वाटा. पहिले वाटण राखाडी येते, ती दगडाची भुकटी. ते फेकून द्या. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तांदूळ पांढरा राहू लागला की मीठ घालून आणखी एकदा वाटा आणि पाटा उन्हात उभा करून वाळवा. मग पहिले खोबरे घ्यायला हरकत नाही.